न्यूमन वाचला, अर्नहार्ट गेला: स्टॉक कारच्या अपघातात नेमकं काय घडतं

प्रश्न अमेरिकेतल्या शार्लटहून आलाय. वडील आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, दोघंही नॅसकारचे, म्हणजे दिसायला रोजच्या गाड्यांसारख्या ‘स्टॉक कार’च्या अमेरिकी शर्यतींचे, शौकीन. मुलाने २०२० च्या डेटोना ५०० या शर्यतीतला ड्रायव्हर रायन न्यूमनचा अपघात यूट्यूबवर बघितला आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. ऑगस्टमध्ये डेटोनाची शर्यत प्रत्यक्ष बघायला जायचं ठरलंय, पण आता आई नको म्हणतेय. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्यात: एवढ्या भयानक अपघातातून माणूस वाचतो कसा, असल्या शर्यती बंद का करत नाहीत, आणि प्रेक्षकांत बसणं कितपत सुरक्षित आहे.

माझं बरंचसं आयुष्य पुण्यात गाड्यांच्या धडक-चाचण्यांमध्ये गेलं. पुतळे बसवलेली गाडी ठोकळ्यावर आपटायची आणि पुतळ्याच्या डोक्याला, छातीला, मांडीला काय सोसावं लागलं त्याचे आलेख वाचायचे, हा आमचा धंदा. स्टॉक कार मी बनवलेली नाही. पण मानेचं हाड चाकणच्या रस्त्यावर आणि डेटोनाच्या ट्रॅकवर एकाच नियमाने मोडतं.

आधी तो अपघात. १६ फेब्रुवारी २०२० ला पावसाने शर्यत थांबली आणि उरलेली सोमवारी, १७ तारखेला झाली. आपल्याकडे मंगळवारची सकाळ होती. शेवटची फेरी, न्यूमन पुढे, मागे रायन ब्लेनी. ताशी तीनशेच्या आसपास वेग. ब्लेनीच्या गाडीने मागून रेटा दिला, न्यूमनची ६ नंबरची फोर्ड वळली, बाहेरच्या भिंतीवर आदळली आणि उलटून हवेत गेली. इथवरचं सगळं नॅसकारने आधी पाहिलेलं होतं. पुढचं मात्र विरळा. गाडी उलटी असताना मागून आलेल्या कोरी लाजॉयची गाडी थेट ड्रायव्हरच्या बाजूला धडकली. मग न्यूमनची गाडी टपावर घसरत, ठिणग्या उडवत शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन थांबली आणि खालून आग दिसायला लागली. डेनी हॅमलिन ०.०१४ सेकंदाने जिंकला, पण त्या घटकेला त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

बघणारे सगळ्यात जास्त हादरले ते काळे पडदे पाहून. बचावपथकाने गाडीभोवती पडदे धरले आणि जगभरातल्या चाहत्यांनी एकच अर्थ काढला. त्यात तारीखही वाईट होती. १८ फेब्रुवारी २००१ ला याच ट्रॅकवर, शेवटच्याच फेरीत नॅसकारचा दिग्गज ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला होता. त्याला एकोणीस वर्षं व्हायला एक दिवस कमी. हॅमलिनच्या संघाने जल्लोष केला म्हणून लोक भडकले. हॅमलिनला आणि संघाला मागे काय झालंय ते लगेच कळलंच नव्हतं, आणि संघमालक जो गिब्स यांनी नंतर माफीही मागितली. जवळजवळ दोन तासांनी नॅसकारने सांगितलं की प्रकृती गंभीर आहे, पण जिवाला धोका नाही. बुधवारी न्यूमन आपल्या दोन मुलींचे हात धरून हॅलिफॅक्स रुग्णालयातून चालत बाहेर आला. मे महिन्यात डार्लिंग्टनला पुन्हा गाडीत बसला आणि पंधरावा आला.

पडद्यांबद्दल मुलाला आधी सांगा. पडदा म्हणजे मृत्यूची खूण नव्हे. जखमी माणसाचे कपडे कापावे लागतात, नळ्या घालाव्या लागतात, आणि वर शंभर कॅमेरे असतात. त्याची बायको-मुलं घरी टीव्हीसमोर असतील, हा विचार त्यामागे असतो. त्या दिवशी पडद्यामागे काय चाललं होतं, ते नॅसकारने नंतर सेकंदांसकट जाहीर केलं. गाडी थांबल्यावर १९ सेकंदांत पहिली अग्निशमन गाडी पोचली. ३३ सेकंदांत डॉक्टर, ३५ व्या सेकंदाला पॅरामेडिक गाडीत शिरून उपचार करत होता. गाडी सरळ केली ती सुमारे ११ मिनिटांनी आणि न्यूमनला बाहेर काढून झालं १५ मिनिटं ४० सेकंदांनी. टीव्हीवर ती पंधरा मिनिटं ‘काहीच होत नाहीये’ अशी वाटली. पण आग विझलेली आणि डॉक्टर माणसापाशी असताना घाई करून गाडी सरळ करणं हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. पाठीच्या कण्याला इजा असेल तर ती घाई माणसाला आयुष्यभर खुर्चीत बसवू शकते. आपल्याकडे महामार्गावर अपघात झाला की चार जण हात-पाय धरून जखमीला ओढून काढतात. हेतू चांगला असतो, पण त्यातून काय होतं ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

आता मुख्य मुद्दा. अपघात जितका भयानक दिसतो तितका तो घातक असेलच असं नाही. बऱ्याच वेळा उलटंच असतं, आणि नॅसकारचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास या एका गोष्टीवर फिरलाय.

माणसाला मारतो तो वेगातला अचानक झालेला फरक. तीनशेच्या वेगाने जाणारी गाडी लोळत, आपटत, गवत उपटत आठ सेकंदांत थांबली असं धरा. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. आठ सेकंदांत शून्यावर यायचं तर सरासरी मंदन १ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या एकपटीच्या, जरा वर येतं. मधल्या प्रत्येक आपटण्यात क्षणभर ते कितीतरी जास्त असतं हे खरं, पण एकूण वेग हप्त्याहप्त्याने उतरतो. गाडीचं बोनेट, चाकं, पत्रे उडून जातात तेव्हा चाहत्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. मला मात्र उडून गेलेला प्रत्येक पत्रा पाहून बरं वाटतं, कारण तो पत्रा ऊर्जा घेऊन गेला आणि तेवढी ड्रायव्हरपर्यंत पोचली नाही.

याच्याशेजारी अर्नहार्टचा अपघात ठेवा. ज्यांनी थेट प्रक्षेपण पाहिलं त्यातल्या अनेकांना तो अपघात वाटलाच नव्हता. गाडी वर चढली, भिंतीला लागली आणि खाली घसरली. कोलांटी नाही, ज्वाळा नाहीत. चौकशीचा अहवाल ऑगस्ट २००१ मध्ये आला. गाडी भिंतीवर गेली ती ताशी सुमारे २५५ च्या वेगाने, १३-१४ अंशांच्या कोनात. म्हणजे वेगाचा जेमतेम पाव हिस्सा भिंतीच्या दिशेने होता. पण धडकेत वेग बदलला तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, आणि तेही ८० मिलिसेकंदांत. हिशेब केला तर सरासरी सुमारे २५ जी, आणि टोकाचा आकडा त्याहून वर. भारत एनकॅप या आपल्याकडच्या सुरक्षा-चाचणीत आपण गाड्या समोरून ६४ च्या वेगाने आपटतो, म्हणजे आकडा आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखाच. फरक हा की आपल्या गाडीला एअरबॅग असते आणि चुरगळणारं नाक असतं. २००१ च्या स्टॉक कारला एअरबॅग नव्हती, आणि पुढचा सांगाडा असा राठ होता की भिंतीचा धक्का जवळजवळ जसाच्या तसा ड्रायव्हरपर्यंत जायचा. धड पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेलं, डोकं मोकळं आणि वर हेल्मेटचं वजन. डोकं पुढे फेकलं गेलं की सगळा ताण कवटीच्या तळावर येतो. अर्नहार्टच्या कवटीचा तळच फुटला. डावा पट्टा तुटल्याचंही निघालं आणि त्यावरून बराच वाद झाला, पण मूळ दुखणं एकट्या पट्ट्याचं नव्हतं.

कारण तो पहिला नव्हता. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरला ॲडम पेटी गेला, वय अवघं १९. जुलैमध्ये त्याच ट्रॅकवर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टेक्ससला ट्रकच्या शर्यतीत टोनी रोपर. वर्षभरात तिघं, आणि चौथा अर्नहार्ट. पहिल्या तिघांनंतर काय बदललं? सक्तीचं असं फारसं काही नाही. इथे मी नॅसकारला सूट देत नाही. उपाय तयार होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८१ मध्ये एक मित्र असाच गमावला होता. त्यानंतर त्यांनी हान्स नावाचं साधन बनवलं. खांद्यावर बसणारं कडक कॉलर, वरून पट्टे, आणि हेल्मेटला दोन बाजूंनी दोऱ्या, म्हणजे डोकं धडाबरोबरच थांबतं. इतकं साधं. आणि ते वर्षानुवर्षं पडून होतं, कारण ड्रायव्हरांना ते जाचायचं आणि संघटना म्हणायची की ज्याची त्याची मर्जी. ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लटला एका दुय्यम शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर गेला आणि त्याच महिन्यात डोकं धरणारं साधन नॅसकारमध्ये सक्तीचं झालं.

चाहत्यांचाही यात वाटा आहे, हे मला सांगावंसं वाटतं. १९८७ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर गेली, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आरडाओरडा झाला आणि पुढच्या वर्षी इंजिनाचा श्वास आवळणाऱ्या प्लेट आल्या. १९९३ मध्ये रस्टी वॉलेसच्या गाडीने दोनदा कोलांट्या खाल्ल्या आणि १९९४ ला टपावर उघडणाऱ्या झडपा आल्या. गाडी गर्रकन फिरून शेपटीकडून जायला लागली की हवेने त्या उभ्या राहतात आणि गाडी खाली दाबून धरतात. दोन्ही उपाय योग्यच. पण जे दिसलं त्यावर उपाय झाला. भिंतीला नाक लावून निमूट मरणारा ड्रायव्हर कॅमेऱ्यात दिसत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी कुणी ओरडलं नाही.

२००१ नंतर मात्र काम झालं, आणि मोजून-मापून झालं. गाडीत धक्का नोंदवणारी पेटी सक्तीची झाली. नॉर्थ कॅरोलिनात काँकर्डला नॅसकारचं स्वतःचं संशोधन केंद्र २००३ मध्ये उघडलं. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर असेल ते. आणि भिंत बदलली. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी महामार्गाच्या कडेच्या कठड्यांवर काम करत. त्यांनी काँक्रीटच्या भिंतीसमोर पोलादी चौकोनी नळ्यांची भिंत उभी केली आणि दोहोंच्या मधे फोमचे ठोकळे ठेवले. सेफर बॅरिअर म्हणतात ते हेच, मे २००२ मध्ये पहिल्यांदा इंडियानापोलिसला लागलं. झेल घेताना हात मागे नेतो ना, तेच काम ही भिंत करते. काही इंच मागे सरते, धक्क्याचा वेळ वाढतो, टोक बोथट होतं. गाडीसाठी काही इंच किरकोळ असतील, कवटीच्या तळासाठी तेवढेच पुरेसे असतात.

ही भिंत जिथे नव्हती तिथे काय व्हायचं तेही दिसलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये डेटोनालाच काइल बुश आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर गेला आणि उजवा पाय, डावं पाऊल मोडून घेतलं. पठ्ठ्या परत येऊन त्याच वर्षी विजेता झाला ही गोष्ट निराळी. पण तेरा वर्षं हाताशी असलेली भिंत तेवढ्या तुकड्यात का नव्हती, याला पैशांपलीकडे उत्तर नाही.

तर न्यूमन वाचला कसा? भिंतीची पहिली धडक सेफर बॅरिअर, हान्स आणि कवचासारखी कडेने वेढणारी खुर्ची यांनी झेलली. खरा धोका होता तो लाजॉयच्या धडकेचा. तिथे प्रश्न वेगाच्या फरकाइतकाच जागेचा असतो. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचा पिंजरा आत चेपला गेला तर कुठलाही पट्टा उपयोगाचा नाही. इथे एक योगायोग आहे, जो मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. न्यूमन स्वतः इंजिनिअर, पर्ड्यू विद्यापीठाचा. २००९ मध्ये टॅलाडेगाला त्याची गाडी अशीच टपावर पडली होती, आत अडकला होता, कापून काढावं लागलं. नंतर तो वर्षानुवर्षं नॅसकारच्या मागे लागला, टीव्हीवर जाहीर टीका केली. पुढे पिंजऱ्याच्या वरच्या भागात एक जादा नळी आली आणि तिला त्याचंच नाव पडलं, न्यूमन बार. २०२० मध्ये त्या नळीने आपला जीव वाचवला असं त्याने स्वतः सांगितलंय. तरी मेंदूला मार लागलाच. आणि ती टक्कर अर्धा फूट इकडे किंवा तिकडे झाली असती तर काय, याचं छातीठोक उत्तर मी देणार नाही. सुरक्षा आणि नशीब, दोघांनी मिळून वाचवलं.

त्यानंतर जूनच्या टॅलाडेगा शर्यतीपर्यंत बदल झाले: इंजिनाची ताकद आणखी कमी, मागच्या बंपरवर निसरडी पट्टी म्हणजे रेटणाऱ्याचं नाक चिकटून राहू नये, पिंजऱ्यात आणखी आधार, आणि उलट्या गाडीतून तेल गळू नये म्हणून तेलाच्या टाकीला झडप. चार महिन्यांत. २००० सालाशी तुलना करून बघा.

पण गोष्ट इथे संपून सगळे सुखी झाले असं नाही. २०२२ मध्ये नवी गाडी आली, नेक्स्ट जेन. पिंजरा जबरदस्त मजबूत. ऑगस्ट २०२३ ला डेटोनाला रायन प्रीसची गाडी (हो, या गोष्टीत तीन रायन आहेत, माझा नाइलाज आहे) दहापेक्षा जास्त कोलांट्या खाऊन थांबली. एक रात्र रुग्णालयात काढून तो पुढच्या आठवड्यात लालभडक डोळ्यांनी गाडी चालवत होता. लोक थक्क झाले. त्याच जातीच्या गाडीत, त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०२२ मध्ये पोकोनोला पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी फिरली आणि मागचा भाग भिंतीला लागला. बघायला काहीच नाही. त्याच्या मेंदूला मार बसला आणि तो नॅसकारमध्ये परत शर्यत चालवू शकला नाही. सप्टेंबरमध्ये टेक्ससला ॲलेक्स बोमन असाच मागून आपटला, शर्यत पूर्ण केली, आणि मग कळलं की मेंदूला इजा आहे. पाच शर्यती हुकल्या. गाडीचा मागचा सांगाडा गरजेपेक्षा ताठ होता, चुरगळत नव्हता, धक्का सरळ खुर्चीत जात होता. म्हणजे २००१ चाच धडा, फक्त नाकाऐवजी शेपटीला. ड्रायव्हर महिनोन्‌महिने सांगत होते की मागून आपटलं की डोकं गरगरतं. २०२३ साठी मागच्या काही नळ्या काढल्या, काही पातळ केल्या. त्या काळात चाहत्यांकडून फारसा दबाव आला नाही, कारण व्हिडिओत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

म्हणून मुलाला जे बघून झोप आली नाही, ते भयानक होतंच, पण मला झोप न येण्यासारखे अपघात दुसरे आहेत.

बंद का करत नाहीत, याचं माझं उत्तर: शर्यत बंद करावी असं मला वाटत नाही, झुंडीची शर्यत मात्र कमी व्हावी असं वाटतं. डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकच्या वळणांना ३१ आणि ३३ अंशांचा उतार आहे, ब्रेक लावावा लागत नाही, इंजिन आवळल्यामुळे कुणी सुटून पुढे जाऊ शकत नाही. तीस-चाळीस गाड्या इंचांच्या अंतराने तीनशेच्या वेगात धावतात आणि शेवटच्या फेरीत पुढचा आडवा येतो, मागचा रेटतो. एकाची चूक वीस जणांना लागते. वेग कमी करायला आणलेल्या प्लेटनीच ही झुंड तयार केली, हा त्यातला पेच. इंजिन आवळणं सोडा, तर गाड्या ३४० ला जातील आणि प्रेक्षकांत उडतील. चाहत्यांतले काही म्हणतात आम्हाला याचसाठी तिकीट काढायचं असतं, काही म्हणतात हे शर्यत नव्हे, लॉटरी आहे. ड्रायव्हरांतही दोन तट आहेत. न्यूमन दुसऱ्या तटातला, आणि तरी शेवटच्या फेरीत आडवा तोही येतच होता.

राहिला तुमच्या घरचा प्रश्न. प्रेक्षकांचा धोका शून्य नाही. २००९ ला टॅलाडेगाला कार्ल एडवर्ड्सची गाडी जाळीवर गेली, जाळीने गाडी धरली पण तुकडे आत आले, एका मुलीचा जबडा मोडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये डेटोनाला काइल लार्सनच्या गाडीचं पुढचं अर्धं, इंजिनासकट, जाळीत घुसलं. चाक आणि तुकडे प्रेक्षकांत गेले, २८ किंवा अधिक माणसं जखमी. गाडी लागली ती जाळीतल्या फाटकाच्या जागी, जी कमजोर होती. नंतर ती फाटकं मजबूत केली. जुलै २०१५ ला ऑस्टिन डिलनची गाडी त्याच ट्रॅकवर जाळीला धडकली, इंजिन वेगळं झालं, पण जाळीने गाडी ट्रॅकवर परत फेकली आणि प्रेक्षकांना किरकोळ जखमांवर निभावलं.

या तिन्हींत जखमी झाले ते बहुतांश खालच्या रांगांतले. तेव्हा आईला सांगा की जायचं, पण वर बसायचं. खालची तिकिटं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिथून तसंही फक्त रंगांचा पट्टा सर्रकन जाताना दिसतो. वरच्या रांगांतून अडीच मैलांचा अख्खा ट्रॅक दिसतो आणि शर्यत कळते. फाटकासमोरची जागा टाळा. मुलाला कानावर बसणारे चांगले इअरमफ घ्या, फोमचे बोळे पुरत नाहीत.

आणि स्कॅनर भाड्याने मिळतो तो घ्या. ड्रायव्हर, त्याचा स्पॉटर (वरून ट्रॅक बघून त्याला सूचना देणारा) आणि संघ यांचं रेडिओवरचं बोलणं त्यावर ऐकू येतं. अपघात झाला की मुलाची नजर आगीकडे जाईल. त्याला खिडकीची जाळी बघायला शिकवा. ड्रायव्हर ठीक असेल तर तो स्वतः जाळी खाली सोडतो, बचावपथकाला ती खूण असते. गाडी उलटी असेल तर जाळीवरून काही ठरवायचं नाही, तेव्हा स्कॅनरवर कान ठेवायचा. संघातून पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारला जातो तो बरा आहेस का, हाच, आणि बहुतेक वेळा टीव्हीवाल्यांच्या आधी उत्तर तुमच्या मुलाला कळेल.